आईच्या माहेरचं रक्त

ताई येणार हे घरात सगळ्यांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. चिन-फाला ते कळलं छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवशी सकाळी सात वाजता. तेही बायको कोबी चिरता चिरता, कोबीकडेच बघत बोलली म्हणून.

"वन्सं येतायत आज. जेवायला. आणि मग आपल्याबरोबर कबरीवर."

चिन-फा माशांना खाद्य टाकून तळ्यावरून नुकताच परतला होता. एक रबरी बूट पायातून निघाला होता, दुसरा अडकला होता. तो तसाच उंबऱ्यावर एका पायावर उभा राहिला.

"कबरीवर कशाला? लेक एकदा दिल्या घरी गेली की माहेरच्या कबरी झाडायला येत नाही. रीत आहे."

"दिली कुठे होती कुणी?" पी-श्याने कोबीचा ढीग बाजूला सारला. "त्या आपल्या आपण गेल्या. म्हणजे तुमची ती रीत त्यांना लागूच होत नाही."

  तीस वर्षांच्या संसारात चिन-फाने तिच्याशी वाद जिंकला होता एकदाच, आणि तोही ती झोपेत असताना.

"मामांनाही बोलावलंय," ती पुढे म्हणाली.

"त्यांना कधी विचारलंस?"

"त्यांनीच मला विचारलं. भाची येतेय आणि मला सांगत नाही का, म्हणून ओरडले."

म्हणजे फळी पक्की बांधली होती. बायको, मामा, आणि नक्कीच वान-चेनही. आपलीच मुलगी. चिन-फाने दुसरा बूट ओढून काढला आणि तो जरा जास्तच जोराने भिंतीला लागला.

ताई आणि त्याच्यात भांडण होतं असं कुणी म्हटलं नसतं. नव्या वर्षाला ती यायची, वान-चेनला पैशांचं लाल पाकीट द्यायची. तो तिला दर थंडीत बर्फात घातलेले मासे पाठवायचा, पोटाच्या बाजूचे, चरबीवाले. फक्त आईच्या कबरीवर ती चाळीस वर्षांत एकदाही आली नव्हती. लोकांना वाटायचं रीतीमुळे. कारण दोघांनाच माहीत होतं.

ताई एकवीस वर्षांची असताना चपलांच्या कारखान्यातून परस्पर निघून गेली आणि तिने लग्न केलं. समुद्रापलीकडून आलेल्या सैनिकांच्या वस्तीतल्या पान नावाच्या मुलाशी, ज्याला आपल्या बोलीतला एक शब्द कळत नव्हता. त्यानंतर तेरा महिन्यांनी आई गेली. छातीत गाठ. वय चव्वेचाळीस. अंत्यविधीच्या दिवशी, अंगावर सुतकाचं गोणपाटी कापड घेतलेला सोळा वर्षांचा चिन-फा स्वयंपाकघरात ताईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू गेलीस त्या दिवसापासून ती झुरत गेली. तू मारलंस तिला." ताईने हातातला वाडगा खाली ठेवला आणि ती मागच्या दाराने निघून गेली. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण ते वाक्य तिथेच राहिलं. दोघांपैकी कुणी ते उचललं नाही, कुणी टाकूनही दिलं नाही.

*

सू-युन ताई साडेदहाला आली. मोठी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी, काखेत एक तपकिरी लिफाफा. तीन वर्षांपूर्वी तिची डावी छाती काढली होती. औषधांनी गेलेले केस परत आले ते कुरळे होऊन. अख्ख्या घराण्यात कुणाचे केस कुरळे नव्हते.

"आयुष्यभर सरळ केसांना कंटाळले होते," ती टोपी काढत म्हणाली. "फुकटात काम झालं."

"भावजी नाही आले?" चिन-फाने विचारलं.

"गुडघा धरून बसलेत. खरं सांगू? मामांना घाबरतात."

मामा आधीच मानाच्या खुर्चीवर बसले होते. वर आभाळात देव आणि खाली जमिनीवर मामा, असं आपल्याकडे म्हणतात. थ्येन-वांग मामा ती म्हण ऐंशीव्या वर्षीही अक्षरशः पाळत होते. ते बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, त्यांनी उचलल्याशिवाय कुणी खायचं नाही. कान मात्र त्यांना हवं तेवढंच ऐकायचे.

टेबलावर पातळ पोळ्यांची चवड होती आणि भोवती वाडगे. परतलेला कोबी, मुगाचे मोड, अंड्याच्या पट्ट्या, डुकराचं मांस, साखर घातलेला शेंगदाण्याचा कूट. ज्याने त्याने आपलं आपण भरायचं आणि गुंडाळायचं. मामांनी पहिली गुंडाळी केली आणि मग सगळे तुटून पडले.

"वान-चेन," ताई म्हणाली, "तो कागद आत्ताच भरू या का? मामा जागे आहेत तोवर."

वान-चेन, चिन-फाची एकुलती एक, फिरत्या तपासणीच्या बसमध्ये काम करायची. गावोगाव बस उभी राहायची आणि ही पंचेचाळिशीपुढच्या बायकांच्या छातीचे फोटो काढायची. एकोणतीस वर्षांची, मोठ्या आवाजाची. तिने बोटं पुसली, लिफाफ्यातून कागद काढला आणि वाडग्यांमध्ये जागा केली.

"बाबा, ऐका. आत्याच्या रक्ताची तपासणी झाली ना जानेवारीत, त्यात एक जनुक बिघडलेलं सापडलं. ते घराण्यातून येतं. डॉक्टरांना हवंय कुणाला काय झालं होतं आणि कितव्या वर्षी. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन. आजार झाला असेल तर काळं करायचं."

"मग तुम्ही बायका बसा करत," चिन-फा म्हणाला. "मी चौकोन."

"चौकोनातूनही येतं."

"माझ्याकडे काय आहे त्यात यायला?" त्याने स्वतःच्या सपाट छातीवर थाप मारली. मामा खो खो हसले. एवढं त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"हसू नका, मामाआजोबा. या आजाराच्या शंभर रोग्यांत एखादा पुरुष असतो. आणि बाबा, तुम्हाला काही झालं नाही तरी ते तुमच्यात असू शकतं. आजीकडून आत्याला आलं तसं तुम्हालाही. नाणं उडवल्यासारखं, छापा किंवा काटा. आणि तुमच्यात असेल तर तुमच्याकडून मला, पुन्हा एकदा नाणं. तुमच्यात नसेल तर प्रश्नच मिटला, मला सुई टोचून घ्यायचीही गरज नाही."

"आणि असलं म्हणजे होतोच?" पी-श्याने विचारलं. तिच्या हातातली पोळी उघडीच राहिली होती.

"नाही गं. पण इतर बायकांपेक्षा खूप जास्त. असं जनुक असलेल्या दहाजणींतल्या सहा-सातजणींना जन्मभरात कधीतरी होतो. म्हणून आधीच लक्ष ठेवायचं. आणि उलटंही सांगते, बसमध्ये ज्यांना सापडतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात कुणालाही झालेला नसतो. 'आमच्यात नाही कुणाला' म्हणून आलीच नाही, असं व्हायला नको."

"मग माझं बघ. पाळी अकराव्या वर्षी आली, चोपन्नाव्या वर्षी गेली. पहिलं मूल सत्ताविसाव्या वर्षी, आणि तेच शेवटचं. पन्नाशीनंतर नऊ किलो वाढले. तू मागे सांगितलं होतंस ना हे सगळं धरतात म्हणून. किती झाले?"

"आई, ही परीक्षा नाहीये. जास्त गुण चांगले नसतात."

"कशात तरी पहिली येईन म्हटलं."

"येशील. सगळं थोडं थोडं वाढवतं. त्यातलं वजन तेवढं आपल्या हातात आहे. रोज तळ्याला चार फेऱ्या मार. आणि मामाआजोबा, दारूनेही धोका वाढतो."

"काय?" मामांनी कानाला हात लावला. "काहीच ऐकू येत नाही." आणि समोरचा छोटा पेला रिकामा केला.

ताई हसून हसून खोकायला लागली. पी-श्याने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "पण गं, राग, चिंता, मनाला लागणं, त्याने होत नाही? माझी आई म्हणायची, गिळलेला राग छातीत बसतो."

"बसमध्ये दर तिसरी बाई हेच विचारते. घट्ट ब्रा, केसांचा रंग, सोयाबीनचं दूध, सासू."

"सासू?"

"सासूमुळेच झाला, असं ठामपणे सांगणाऱ्या तर कितीतरी. नाही होत गं. काळजीने माणूस खंगतो, झोप उडते, ते खरं. पण काळजीने गाठ होते असं काही सापडलेलं नाही. लोकांनी पुष्कळ शोधलंय."

"आणि झुरल्याने?" चिन-फा म्हणाला.

ते त्याला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने बाहेर पडलं. हातातली पोळी फाटून कोबी ताटलीत सांडला. ताईने मान वर केली नाही. ती शेंगदाण्याचा कूट चमच्याने सारखा करत राहिली, आधीच सारखा असलेला.

"झुरल्यानेही नाही, बाबा," वान-चेन म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. तिने कागद पुढे ओढला. "आजी, चव्वेचाळीस. काळा गोल. आता आजीची आई. मामाआजोबा, तुमची आई कशाने गेली?"

मामांना हे ऐकू आलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाळंतपणात. असं सांगायचो आम्ही."

"सांगायचो म्हणजे?"

 मामा मान वाकवून, शेंगदाण्यांकडे बघत बोलले, "छातीत दगड झाला होता तिच्या. इथे. एकोणचाळीसची होती. वैद्य पाला वाटून लावायचा. ओढ्याकाठी उगवायचा तो पाला, मी आणायचो. नऊ वर्षांचा होतो. वास अजून येतो कधी कधी."

टेबलाभोवती सगळे हात थांबले.

"मग बाळंतपण का म्हणायचात, मामा?" ताईने हळूच विचारलं.

"घरात दोन पोरी होत्या उजवायच्या. तुझी आई आणि धाकटी. असला रोग कळला तर कोण पत्करणार त्यांना? बाळंतपणाला कुणी नाव ठेवत नाही. वडिलांनी सांगितलं, आम्ही म्हणत राहिलो. म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं."

"आणि धाकटी मावशीआजी?" वान-चेनचा आवाज आता बसमधला झाला होता, मऊ आणि नेमका.

"ती पन्नाशीत. तिचं छातीचं नव्हतं, पोटाचं. पोट फुगलं, पाणी भरलं. बायकांचं काहीतरी, म्हणाले."

"तेही याच जनुकाने होऊ शकतं," वान-चेन म्हणाली आणि लिहीत राहिली.

चिन-फा कागदाकडे बघत होता. सगळ्यात वर एक काळा गोल. त्याखाली दोन. त्याखाली ताईचा. आणि तिच्या शेजारी रेघेला लटकलेला कोरा चौकोन, तो म्हणजे आपण. वरच्या गोलाशेजारी वान-चेनने साल लिहिलं होतं. ताई जन्मायच्या दहा वर्षं आधीचं.

ताईचं पळून जाणं त्या कागदावर कुठेच नव्हतं. त्यासाठी चौकोन नव्हता, गोल नव्हता, साधी रेघही नव्हती.

"मी मासे बघून येतो," तो म्हणाला.

"आत्ताच बघून आलात ना?" पी-श्या म्हणाली, पण त्याचा चेहरा पाहून गप्प झाली.

*

दोन वाजता सगळे कबरीवर गेले. सकाळची गाड्यांची गर्दी ओसरली होती, टेकडीवर ठिकठिकाणी कागद जळल्याचा धूर होता. चिन-फाने कोयत्याने गवत कापलं. पी-श्या आणि वान-चेनने पिवळे कागद दगडाखाली दाबून कबरीवर पसरले. मामांना छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. ताई जराशी लांब उभी होती, पायवाटेवर, टोपी हातात घेऊन.

"पुढे ये की गं," मामा ओरडले. "तिला लांबचं दिसत नव्हतं आधीच."

ताई पुढे आली. संत्री मांडली, घरून बांधून आणलेल्या गुंडाळ्या मांडल्या, उदबत्त्या लावल्या. मग रीतीप्रमाणे चिन-फाने दोन नाणी हातात घेतली. आईचं जेवण झालं का, ते विचारायचं. एक छापा, एक काटा पडला म्हणजे झालं. तोवर तिला पोचवायच्या कागदी नोटा जाळायच्या नाहीत, निघायचं नाही.

पहिल्यांदा दोन्ही छापे. दुसऱ्यांदा दोन्ही काटे. तिसऱ्यांदाही काटे.

"काहीतरी राहिलंय," पी-श्या म्हणाली. "मीठ कमी आहे का?"

"माझी बहीण सावकाश जेवायची," मामा म्हणाले. "घाई करू नका."

चिन-फाने नाणी पुन्हा मुठीत घेतली, पण टाकली नाहीत. तो कबरीच्या दगडाकडे तोंड करून उभा होता; आणि ज्याच्याशी बोलायचं होतं ती त्याच्या डाव्या हाताला उभी होती. तिच्याकडे बघून त्याला ते जमलं नसतं.

"आई," तो म्हणाला, "तू गेलीस तेव्हा मी ताईला बोललो होतो. स्वयंपाकघरात. तिच्यामुळे तू गेलीस असं म्हणालो. ते खोटं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना बोललो, आणि नंतरही कधी परत घेतलं नाही."

पी-श्याच्या हातातली कागदांची गड्डी तशीच राहिली. तीस वर्षांत तिने हे ऐकलं नव्हतं. वान-चेनने तोंड उघडलं आणि आईने दंडाला धरताच मिटलं.

ताईने कलंडलेली उदबत्ती सरळ केली. मग म्हणाली, "मला वाटायचं तू विसरला असशील. पोर होतास."

"विसरलो नव्हतो. तळ्यावर एकटा असलो की आठवायचं."

"म्हणून इतके मासे पाठवायचास होय रे?"

त्याने मुठीतली नाणी एकमेकांवर घासली.

"मलाही ते खरंच वाटायचं, फा," ताई म्हणाली. "तू बोललास म्हणून नाही. आधीपासूनच. मला गाठ लागली ना, तेव्हा वाटलं, आईने शिक्षा केली. तुझ्या भावजींनाही सांगितलं नाही मी हे. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला, म्हणाल्या, हे तुम्ही जन्मायच्या आधीपासून तुमच्यात होतं. तेव्हा मी जी रडले! त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाणी दिलं, धीर दिला. त्यांना वाटलं मी भीतीने रडतेय."

चिन-फाने नाक ओढलं. बाहीने डोळे पुसले आणि बाहीवरची माती गालाला फासून घेतली.

"टाका आता," पी-श्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता होईल बघा."

त्याने नाणी टाकली. सगळे वाकून बघायला लागले.

दोन्ही काटे.

 मग ताईला हसू फुटलं, तिचं बघून वान-चेनला, आणि मग पी-श्यालाही.

"अगं बाई, एवढं बोलला तो!" ताई कबरीला म्हणाली. "अजून काय हवंय तुला?"

"बाबा रक्त तपासायला द्यायचं कबूल करत नाहीयेत म्हणून असेल," वान-चेन म्हणाली.

"देतो म्हणालो ना!"

"कधी म्हणालात?"

"मनात." मग सगळे बघतायत असं पाहून तो म्हणाला, "देतो. पण सुई बारीक असली पाहिजे." मासेवाल्याच्या हातांवर काट्यांचे शंभर व्रण होते, पण सुई म्हटली की तो बाहेरचं दार शोधायचा, हे गावाला ठाऊक होतं.

आईचं जेवण आणखी तीन खेपांनी झालं. मामा तोवर खुर्चीतच झोपले होते.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल घ्यायला तिघं शहरातल्या इस्पितळात गेले. चिन-फा, ताई आणि वान-चेन. स्तनविकार विभागाबाहेर गुलाबी खुर्च्यांच्या चार रांगा होत्या आणि त्यांत बसलेल्या सगळ्या बायका. चिन-फा टोपी मांडीवर धरून भिंतीवरचं पोस्टर वाचत होता, म्हणजे पोस्टर नव्हे, त्याची चौकट.

परिचारिका बाहेर आली. "चिन-फा बाई? चिन-फा बाई कोण?"

"मीच ती बाई," चिन-फा उभा राहत म्हणाला.

सगळ्या रांगा हसल्या. शेजारच्या आजींनी काळजीने विचारलं, "बरोबर आलात का हो? बायकोचं आहे का?"

"भाऊ आहे माझा," ताई म्हणाली. "रक्ताचा. तेच तपासायला आलोय."

आत डॉक्टरीणबाईंनी गोलगोल बोलण्यात वेळ घालवला नाही. त्याच्यात होतं. ताईचंच, हुबेहूब. मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. घाबरायचं नाही, पण स्वतःच्या छातीला हात लावून बघायची सवय ठेवायची, प्रोस्टेटची तपासणी करत राहायची, दर वर्षी यायचं. चिन-फा मान हलवत राहिला. त्याला एवढंच ऐकू आलं की नाणं आता वान-चेनसाठी उडणार.

वान-चेनने विचारलंच नाही. "माझं आजच घ्या," ती म्हणाली. "बाही वर केलीय." निकाल कसाही आला तरी पुढे काय करायचं, हे तिने आधीच एका कागदावर लिहून ठेवलं होतं. असेल तर दर वर्षी मोठ्या यंत्रातली तपासणी, मुलं कधी, शस्त्रक्रियेचा विचार कधी. नसेल तर इतर बायकांसारखं, पंचेचाळीसला आपल्याच बसच्या रांगेत. ती परिचारिकेशी शिरेच्या जागेवरून वाद घालत आतल्या खोलीत गेली.

बहीणभाऊ बाहेर गुलाबी खुर्च्यांवर बसले.

"तिला जर निघालं," चिन-फा म्हणाला, "तर ते माझ्यामुळे. मीच दिलं तिला."

ताईने पर्समधून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

"मला आईने दिलं," ती म्हणाली. "मग आईला बोल लावू?"

"छे."

"तिच्या आईला लावू? एकोणचाळीस वर्षांत त्या बाईने काय कमी सोसलं?"

"तसं नाही गं, ताई, पण—"

"पण काय? वान-चेनला मोठा आवाज दिलास, हट्टीपणा दिलास, तुझे ते पसरट पाय दिलेस. तेव्हा विचारून दिलेस का?"

"पाय तिच्या आईचे आहेत."

"तुझेच आहेत. खाली बघ."

त्याने खाली बघितलं. खरंच आपलेच होते. 

ताईने अर्धं संत्रं त्याच्या हातात कोंबलं. "आणि एवढाच स्वतःला दोष द्यायचा असेल ना, फा, तर दे. पण रीतीने दे. चाळीस वर्षं देत बस, मी दिला तसा. मग ये माझ्याकडे, मी शंभर वर्षांची असेन, तेव्हा सांगेन की खोटं होतं म्हणून."

चिन-फा हसला. तोंडात संत्रं असताना, डोळ्यांतून पाणी गळत असताना, तळ्यावर माणसांना हाका मारायचा त्या आवाजात हसला. चारही रांगांतल्या बायका वळून बघायला लागल्या. आणि कशासाठी ते कळलं नाही तरी त्यांच्यातल्या दोघीतिघी त्याच्याबरोबर हसायला लागल्या.